फियाटमध्ये निस्सानचं इंजिन: अमळनेरच्या शेडमधल्या नोंदी

14 डिसेंबर 2024, शनिवार

दत्तजयंती. सारंगखेड्याला घोडे बघायला निघालो होतो, बेटावदच्या अलीकडे गाडीच घोड्यासारखी अडली. आधी काटा लालमध्ये, मग बॉनेटमधून वाफ, मग एक बारीक टिकटिक आणि शांतता. ऑइलची काडी काढून बघितली तर टोकाला चहा. दूध जास्त झालेला, टपरीवरचा. पाणी ऑइलमध्ये शिरलंय, म्हणजे एक तर गास्केट गेलं किंवा त्याहून वाईट. कापूस खाली करून परतणाऱ्या एका ट्रॅक्टरला दोर बांधून अमळनेरला आणली. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत. "आमना बापनी बी व्हती अशी फियाट," एवढंच म्हणाला.

गाडी 1974 ची प्रीमियर पद्मिनी. त्याच वर्षी कंपनीने तिला हे राणीचं नाव दिलं. आमच्याकडे मात्र तिला पद्मिनी कोणीच म्हणत नाही, ती फियाट. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, 1981 मध्ये एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हापासून घरात. माझं दुकान रिवायंडिंगचं. दिवसभर सबमर्सिबलच्या मोटारी भरतो, गाडीचं काम म्हणजे रविवार आणि रात्री नऊनंतर.

22 डिसेंबर, रविवार

धुळ्याहून आप्पा मिस्तरी आले. वय सत्तरच्या पुढे, हातात अजून जोर. शेडच्या गर्डरला चेनपुली लावून इंजिन उतरवलं. हेड काढलं, ब्लॉक धुतला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये केसासारखी चीर. नखाला लागत नव्हती. रॉकेल लावून पुसलं, वर खडूची पूड मारली, तेव्हा ओली रेघ उमटली.

ब्लॉक आधीच दोनदा बोअर झालेला, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठे केलेले, आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) शेवटच्या मापापर्यंत घासलेला. म्हणजे स्लीव्ह टाकून ओढावं तर खाली क्रँकही नवा लागणार. आप्पांनी विडी पेटवली. "भाऊ, हाऊ ब्लॉक गया. आते येना भंगारना भाव इचार."

मुंबईत दोन ठिकाणी फोन केले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सींच्या जिवावर सुट्या भागांचा जो बाजार चालायचा, तो आता आटलाय. ब्रेकचे रबर, बुश, काचेची पट्टी मिळते. चांगला ब्लॉक विचारला की समोरचा हसतो.

29 डिसेंबर, रविवार

आठवडाभर सल्ले. मोटार भरायला येणारा प्रत्येक शेतकरी वाकून बॉनेटमध्ये बघतो आणि स्वतःचं इंजिन सुचवून जातो. त्यांचा गोषवारा लिहून ठेवतो, म्हणजे परत तेच बोलायला नको.

डिझेल टाका: कंपनीनेच पुढे पद्मिनीत 1366 सीसीचं डिझेल इंजिन दिलं होतं, तेव्हा सल्ला अगदीच हवेतला नाही. पण पन्नास वर्षांचं पत्र्याचं अंग त्या थरथरीला किती दिवस पुरणार? नको.

मारुती ईकोचं टाका: इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसतं, ताकद भरपूर. पण सोबत संगणक, सेन्सर, वायरींचा भारा येतो, आणि ती ताकद मागच्या जुन्या अ‍ॅक्सलवर पडते. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला एवढा जोर देणं म्हणजे बैलगाडीला पंख लावण्यासारखं.

ओम्नीचं टाका: 796 सीसी. हे सुचवणाऱ्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एकच होतं, 118 एनईचं इंजिन. प्रीमियरनेच 1985 मध्ये ती गाडी काढली, अंग फियाट 124 चं आणि इंजिन निस्सानचं ए-12. घर एकच, फक्त धाकटं भावंड. 1171 सीसी, कागदावर 52 हॉर्सपॉवर, आपलं 1089 सीसी आणि 40. आकडे फार लांब नाहीत, म्हणूनच आवडतात. खरा फरक आत आहे. आपल्याचा बोअर (सिलिंडरची रुंदी) 68 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75, निस्सानचा बोअर 73 आणि स्ट्रोक 70. पिस्टनला कमी अंतर पळावं लागतं, इंजिन मोकळं फिरतं. आपल्या क्रँकला तीन बेअरिंगचा आधार, त्याला पाच. हेड आपल्यासारखंच अ‍ॅल्युमिनियमचं. उष्णता लवकर सोडतं, आणि खानदेशात त्याला मोल आहे.

एक गोष्ट मात्र टोचते. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. आमची यंदाच पन्नाशीची झाली. इंजिन बदललं की तो मान गेला. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. अण्णांना विचारलं. त्यांनी पेपर खाली न घेता सांगितलं, "देव्हाऱ्यात ठेवायला घेतली नव्हती." मग पेपर खाली घेतला. "पण गाडीले कापानं नही."

म्हणजे चासी, बॉडी, टनेल (तळाचा मधला उंचवटा), कशालाही गॅसकटर लागणार नाही. उद्या कोणाला जुनं इंजिन परत बसवावंसं वाटलं तर पाने घेऊन बसवता आलं पाहिजे. चीर गेलेला ब्लॉक भंगारात जाणार नाही, ग्रीस लावून पेटीत राहील.

11 जानेवारी 2025, शनिवार

मालेगावला भंगारात एक 118 एनई उभी होती, म्हणजे आडवी होती. इंजिन, फ्लायव्हील, स्टार्टर, आल्टरनेटर, कार्बोरेटर असं सगळं बावीस हजारांना. आप्पांनी स्पार्क प्लगच्या भोकात गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं. तीन सारखे, चौथा थोडा खाली. चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं, चौथा वर आला. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, पिस्टनच्या रिंगा थकल्यात. रिंगा बदलू.

पावती घेतली, त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स घेतली. भंगारवाला म्हणाला, एवढं कोण करतं. मी करतो. इंजिन नंबर आणि कागद जुळले नाहीत तर अपघातानंतर विमेवाले हात वर करतात, हे ओळखीच्या एकाचं बघितलंय.

26 जानेवारी, रविवार

रिंगा, मेन बेअरिंग, टायमिंग चेन, सगळी सीलं नवी. मग रिकामं इंजिन चेनपुलीला लटकवून नुसतं जागेवर बसतं का ते बघितलं. नाही बसलं. ऑइलचं चेंबर खालच्या क्रॉस मेंबरवर टेकतं, जवळपास दोन बोटं.

क्रॉस मेंबर गाडीचा, चेंबर इंजिनाचं. अण्णांचा नियम गाडीला आहे. चेंबर कापलं, पुढून उथळ केलं आणि तेवढं ऑइल मावावं म्हणून मागे पोट वाढवलं. वेल्डिंगनंतर रॉकेल भरून रात्रभर कागदावर ठेवलं. सकाळी कागदावर एक डाग. परत वेल्डिंग, परत रॉकेल, परत कागद. तिसऱ्या सकाळी कोरडा.

9 फेब्रुवारी, रविवार

आता खरी गोष्ट. गिअर.

118 एनईचा गिअरबॉक्स टाकला तर इंजिनाशी आपोआप जुळतो, पण त्याचा दांडा खालून येतो. टनेलला भोक, पुढची सलग सीट काढून दोन वेगळ्या सीटा, प्रॉपेलर शाफ्ट कापून जोडणं. शेवटच्या एस-वन पद्मिनीला कंपनीनेही खालीच गिअर दिला होता, म्हणजे होत नाही असं नाही. पण आमच्या फियाटमध्ये पुढे तिघं बसतात. अण्णा स्टिअरिंगच्या खांबावरचा दांडा दोन बोटांनी पुढे-मागे करायचे आणि मी मध्ये बसून बघायचो. ते घालवायचं असेल तर इंजिन बदलण्यातली मजाच गेली.

म्हणून इंजिन निस्सानचं, गिअरबॉक्स फियाटचाच. मधे अ‍ॅडॅप्टर प्लेट. एका बाजूने निस्सानच्या ब्लॉकची भोकं, दुसऱ्या बाजूने फियाटच्या बेलची, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाची. यामुळे मागचं काहीच हलत नाही. शाफ्ट तोच, स्पीडोमीटरची केबल तीच, दांडा तोच.

धुळ्याजवळ अवधानच्या एमआयडीसीत नानांचं लेथ. त्यांना दोन्ही बाजूंचे पुठ्ठ्याचे साचे दिले. ब्लॉकवर पुठ्ठा धरून कडेने हातोडी ठोकत गेलं की भोकांचे ठसे उमटतात, गास्केट कापायची जुनी रीत. नाना म्हणाले, सोळा मिलिमीटरची प्लेट घेऊ. स्टार्टरसाठी बाजूला खिडकी, कारण फ्लायव्हील निस्सानचं म्हणजे रिंग गिअर निस्सानचा, म्हणजे स्टार्टरही त्याचाच.

क्लचची गंमत वेगळी. प्रेशर प्लेट निस्सानची, पण गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते फियाटचे. धुळ्यात एक चाचा क्लचप्लेट भरतात. त्यांनी निस्सानच्या प्लेटचा मधला भाग काढून तिथे फियाटचा बसवला, रिव्हेट मारले आणि ठोकून, कानाशी धरून आवाज ऐकला. तीनशे रुपये. क्रँकच्या टोकाला गिअर शाफ्टची नळी टेकते तिथे नानांनी गनमेटलचा बुश केला.

2 मार्च, रविवार

इंजिन धरणारे फाउंडेशनचे ब्रॅकेट झाले. जुन्याच भोकांत बोल्टने बसतात, चासीला वेल्डिंगचा एक ठिपका नाही. अण्णा काठी टेकत आले, चष्मा पुसून दोन्ही बाजू बघितल्या आणि गेले. म्हणजे पास.

वायरिंग माझ्या हातचं. डायनामो आणि त्याचा कटआउट गेला, आल्टरनेटर आला. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. टाकीच्या तळाशी वाटीभर गंज निघाला.

16 मार्च, रविवार

चालू झालं. तिसऱ्या सेल्फला. आप्पांनी कार्बोरेटरवर तळहात धरून चोक दिला, ते खोकलं, आणि धरलं. आवाज इतका हलका की शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, चालू आहे का?"

आनंद अर्धा तास टिकला. गाडी शेडबाहेर काढताना क्लच सोडला की सबंध गाडी थरथरते, आणि न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधून रडल्यासारखा बारीक सूर. क्लच दाबला की सूर बंद. आप्पा गप्प. मी म्हटलं बेअरिंग असेल. आप्पा म्हणाले, नाही, नवरा-नवरी जुळले नाहीत.

23 मार्च, रविवार

गिअरबॉक्स उतरवला. नानांना डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप, घेऊन इकडेच बोलावलं. क्रँकच्या फ्लँजवर चुंबकाने डायल बसवला, त्याचं टोक गिअरबॉक्सच्या बेलच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला लावलं आणि हाताने क्रँक फिरवत गेलो. काटा एका बाजूला पळाला, अर्ध्या फेऱ्यात परत आला. एकूण फरक 0.8. म्हणजे दोन्हींचे मध्यबिंदू 0.4 मिलिमीटरने वेगळे. डोळ्याला न दिसणारं, पण शाफ्ट दर फेऱ्याला तेवढाच वाकवला जातोय. बुश एका बाजूने आत्ताच चकाकायला लागला होता.

चूक पुठ्ठ्याची, म्हणजे माझी. बोल्टचं भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं असतंच, त्याच्यावर केंद्र धरता येत नाही. केंद्र धरायचं ते डॉवेलवर, त्या पिना त्यासाठीच असतात. मी नानांना डॉवेलची मापं दिलीच नव्हती. नाना काही बोलले नाहीत. प्लेट उचलली, कपड्यात गुंडाळली, म्हणाले, "ब्लॉक आणि बेल दोन्ही माझ्याकडे पाठव. कागद नको."

म्हणजे इंजिन परत खाली. पाडव्याला गाडी बाहेर काढायची असं घरात बोलून बसलो होतो. पाडवा येईल तेव्हा शेडमध्ये ब्लॉक नसेल, फक्त गुढी असेल.

6 एप्रिल, रविवार

नानांनी दुसरी प्लेट केली. आधी प्लेट ब्लॉकवर डॉवेलने पक्की, मग क्रँकवर डायल लावून बेल सूत-सूत ठोकत मध्यावर आणली, आणि त्या जागी धरूनच बेलच्या डॉवेलची भोकं पाडली. आता काट्याचा फरक पाच शतांशाच्या आत. पहिल्या प्लेटचे पैसे ते घेईनात. मी अर्धे तरी त्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकून आलो.

सूर गेला. थरथर गेली. दांड्याच्या जोडांचे बुश नवे टाकल्यामुळे गिअर लोण्यात सुरी गेल्यासारखा पडतो.

13 एप्रिल, रविवार

उन्हाचा पारा चाळिशीच्या पार. रेडिएटरला एक जादा लाइन टाकून नवा कोर करून घेतला, मारुती 800 चा इलेक्ट्रिक पंखा लावला. मंगळग्रह मंदिराच्या रस्त्यावर गर्दीत अडकलो आणि काटा चढायला लागला. पंखा चालू, आवाज येतोय, तरी चढतोय. बॉनेट उघडून रेडिएटरपुढे हात धरला तर गरम हवा तोंडावर. पंखा हवा आत ओढायची सोडून बाहेर ढकलत होता. वायरी उलट्या. अशा पंख्याच्या डीसी मोटारीची टोकं बदलली की ती उलटी फिरते, हे मी तेवीस वर्षं पोरांना शिकवतोय. आप्पांनी हे ऐकलं तेव्हा विडीचा ठसका लागेपर्यंत हसले.

थर्मोस्टॅटवरून, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी रोखणाऱ्या झडपेवरून, मात्र त्यांच्याशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, खानदेशात थर्मोस्टॅट काढून फेकायचा. सगळे मिस्तरी तेच करतात. माझं म्हणणं, रेडिएटर चांगला असेल तर तो उन्हाळ्यात पूर्ण उघडाच राहतो, त्रास काही नाही. डिसेंबरच्या पहाटे मात्र त्याच्याशिवाय इंजिन लवकर तापतच नाही, पेट्रोल पितं आणि आतून झिजतं. थर्मोस्टॅट ठेवलाय.

27 एप्रिल, रविवार

कन्नड घाट. या गाडीचं आणि घाटाचं जुनं वैर. लहानपणी औरंगाबादला जाताना दर वेळी अर्ध्यावर थांबायचो. अण्णा चाकाखाली दगड लावायचे, आई डब्यातली कळण्याची भाकरी आणि भरीत काढायची, आम्ही खाली चाळीसगावकडचं सपाट बघत बसायचो. मला बरीच वर्षं वाटायचं, घाटात थांबायचंच असतं.

पहाटे न जाता मुद्दाम दुपारी बाराला चाळीसगाव सोडलं. मी चालवायला, मध्ये आप्पा, कडेला नाना, मागे पाण्याचे दोन कॅन. जड वाहनांना घाट बंद आहे, त्यामुळे पुढे कोणी रांगणारं नव्हतं. पहिली दोन वळणं तिसऱ्या गिअरवर, मग दुसरा. काटा मध्यावरून एक रेघ वर गेला. पंखा लागला. एक रेघ खाली आला. जुन्या ठिकाणी, जिथे दगड लावायचो तिथे, मी सवयीने पाय ढिला केला. आप्पांनी गुडघ्यावर चापट मारली, "दाब ना भो!"

वर पोचल्यावर त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं. पाणी जागेवर. गिअरबॉक्सच्या सांध्यावर ऑइलचा एक थेंब. "चढनी," आप्पा म्हणाले. नानांनी बोटाने तो थेंब पुसला, वास घेतला आणि प्लेटकडेच बघत राहिले.

उतरताना ब्रेकचा वास आला. सगळे व्हील सिलिंडर फेब्रुवारीतच नवे केलेत, तरी ड्रम ते ड्रमच. खाली उतरताना दुसऱ्या गिअरवरच राहायचं, इंजिन कितीही छान असो.

30 एप्रिल, बुधवार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ताई माहेरी आली. स्टेशनवर आणायला अण्णा स्वतः गेले, मी मध्ये बसलो. तीन वर्षांनी त्यांच्या हातात स्टिअरिंग. पहिला गिअर टाकताना हात आपोआप खांबाकडे गेला. पुलाजवळ म्हणाले, "आवाज येत नाही. गिअर कधी बदलायचा ते कळत नाही." जुन्या इंजिनाच्या घरघरीवर ते गिअर बदलायचे. ताईला काहीच कळलं नाही. तिने विचारलं, रंग दिलास का?

घरी खापरावरचे मांडे आणि आमरस. गाडीबद्दल कोणी बोललं नाही.

19 जून, गुरुवार

आरटीओ. इंजिन बदलाच्या नोंदीचा अर्ज एप्रिलमध्येच दिला होता. एजंट म्हणाला होता, कोण बॉनेट उघडतं, राहू द्या. मी म्हटलं, उघडू दे. कागदावर दोन्ही इंजिनांचे नंबर, मालेगावची पावती, जुन्या आरसीची झेरॉक्स, नानांच्या बिलाची प्रत.

दोनदा परत पाठवलं. एकदा फॉर्म चुकीचा, एकदा साहेब रजेवर. आज तपासणी झाली. साहेब तरुण, पद्मिनी फक्त सिनेमात बघितलेली. दोन्ही इंजिनं एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची आहेत हे दोनदा समजावलं. त्यांनी मान हलवली आणि ब्लॉकवरचा नंबर दाखवा म्हणाले. नंबरावर ग्रीस आणि जूनच्या पहिल्या पावसाचा चिखल. रुमाल खिशात होता, तोच ओला करून पुसला. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला, एकेक आकडा मोठ्याने वाचला, मी कागदावरून जुळवत गेलो. शेवटचा आकडा तीन की आठ यावर पाच मिनिटं गेली. आठच होता.

निर्णयासाठी पुढची तारीख 7 जुलै. तोवर गिअरबॉक्सचं ते सील बदलून घेतो. थेंब अजून पडतो, शेडमध्ये खाली पुठ्ठा ठेवलाय.